तयार किल्ला नको, पैसे मावळ्यांवर घाला

दिवाळी तोंडावर आली की रस्त्याकडेला प्लास्टरचे तयार किल्ले मांडले जातात. तट, बुरूज, सिंहासनाचा चौथरा, सगळं रंगवून जागच्या जागी. घरातल्या लहानग्याला इतिहास कळावा म्हणून घेणार असाल, तर घेऊ नका. मुलानं ठरवायचं त्यात काही उरलेलंच नसतं. दरवाजा कुठे, पाण्याचं टाकं कुठे, तोफेचं तोंड कुणीकडे, हे ठरवतानाच किल्ला कळतो.

पुठ्ठ्याचे जोडणी-संच त्याहून बरे, पण ते सपाट जमिनीवर उभे राहतात. डोंगरी किल्ल्यात अर्धं काम कडा करतो. तो मातीशिवाय दाखवता येत नाही.

पैसे घालावेत ते मावळ्यांवर. दीड ते दोन इंचांचेच निवडा. चार इंचांचा मावळा तटापेक्षा उंच दिसतो आणि सगळी प्रमाणं बिघडतात. भाजक्या मातीचे टिकतात. प्लास्टरचे ओल्या मातीत ठेवले तर पाय भिजून रंग सुटतो, म्हणून खाली फरशीचा तुकडा किंवा चपटा दगड द्या.

किल्ला राजगडच करा. मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. हा आकार सहा वर्षांच्या मुलालाही ध्यानात राहतो. तीन बाय तीन फुटांचा प्लास्टिकचा कागद, पंधरा-वीस विटा, जुनं गोणपाट, चार घमेली चाळलेली लाल माती आणि एक घमेलं वाळू एवढं पुरतं. मध्ये विटा उंच रचा, माच्यांकडे उतरत्या. गोणपाट मातीच्या पातळ राड्यात बुचकळून वरून पांघरा, मग हातानं माती लिंपा. वाळू घातली नाही तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात, कारण नुसती चिकणमाती वाळताना आकसते. थर अर्ध्या इंचाहून जाड नको.

उतारावर गवतासाठी अळीव पेरायचं, पण ते आधी भिजवू नका. भिजलं की बुळबुळीत होऊन त्याचे गोळे बनतात आणि गवत ठिगळांसारखं उगवतं. कोरडंच ओल्या उतारावर भुरभुरा, ते आपोआप चिकटून बसतं. पाणी फवाऱ्यानंच मारा. तांब्यानं ओतलंत तर बियांसकट माती वाहून जाते. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, आठवड्यात गवत छान उभं राहतं. त्याहून आधी पेरलं तर ऐन दिवाळीत आडवं होतं.

खरी मजा दरवाजात आहे. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी बांधणी करून बघा. पुठ्ठ्याच्या दोन नळ्यांचे बुरूज असे पुढेमागे लावा की समोरून दरवाजा दिसताच कामा नये. वाट वळून आत गेली पाहिजे. आता खेळण्यातला हत्ती मुलाच्या हातात द्या आणि दरवाज्याला धडक मारायला सांगा. वळणावर हत्ती अडकतो, धावायला जागाच मिळत नाही, आणि वरून दोन्ही बुरुजांवरचे मावळे त्याच्या डोक्यावर असतात. सांगायचं ते सगळं इथे सांगून होतं.

तहासाठी ३५ खडे घ्या, एकेक खडा म्हणजे एकेक किल्ला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. ते खडे मुलालाच एकेक करून उचलायला लावा. उरलेल्या १२ मध्ये राजगड होता, म्हणून तो खडा आधीच रंगवून ठेवा. ‘एवढेच राहिले?’ हा प्रश्न बहुतेक मुलं स्वतःच विचारतात. रायगडाआधी राजधानी इथेच होती, हे तेव्हा सांगा.

दिवाळीनंतर माती कुंड्यांत घाला, गोणपाट धुऊन वाळवा. मावळे कोरड्या फडक्यानं पुसून वर्तमानपत्रात गुंडाळा. ओलसर ठेवले तर बुरशी येते.