शेळीचे खूर: कात्रीने की सुरीने?

माळावर चरणाऱ्या शेळीचे खूर दगडधोंड्यांवर आपोआप झिजतात. बंदिस्त गोठ्यातल्या उस्मानाबादी जातीच्या शेळीला ती सोय नाही. दीड-दोन महिन्यांत खुराच्या कडा वाढून आत वळतात, त्यात शेण-मूत साचतं आणि शेळी लंगडायला लागते. मग छाटायचं कशाने?

द्राक्ष-डाळिंबाच्या छाटणीची कात्री, म्हणजे आपली सिकेटर, बागायतदाराच्या घरी असतेच. एकाने शेळी धरली की दुसरा चारही पाय पटकन उरकतो. शेळीने झटका दिला तरी पातं सहसा खोल घुसत नाही, हे मोठंच सुख. उन्हाळ्यात मात्र खूर इतके कडक होतात की हात भरून येतो. म्हणून पावसाळी ओलीत, नाहीतर पाय थोडा वेळ भिजवून छाटावं.

वाकड्या टोकाची सुरी तळवा आणि टाच जशी सपाट करते, तसं कात्रीला जमत नाही. पण सुरीला धार हवी आणि धरणारा हात सराईत हवा. नवख्याच्या हातात सुरी दिली की पहिलं रक्त बहुधा त्याच्याच अंगठ्याचं!

मी कडा कात्रीने काढतो आणि शेवटी हलक्या हाताने सुरी फिरवतो. गुलाबी छटा दिसली की थांबायचं. रक्त आलंच तर टिंक्चर आयोडीन. खुराला घाण वास येणारी शेळी सगळ्यांत शेवटी घ्यायची, आणि लगेच हत्यार जंतुनाशकाने धुवायचं.