पत्रा फुटावर नाही, काट्यावर मोजून घ्या

1,61,000 रुपये. तीन हप्त्यांत दिले: पाडव्याला 51,000, "मटेरियल बुकिंग"चे 70,000 आणि सांगाडा उभा राहिल्यावर 40,000. हातात आलं ते 0.35 एमएमच्या पत्र्याचं छप्पर, मेमधल्या पहिल्याच मोठ्या वळवात त्यातले चार पत्रे शेजाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन पडले. बैलं रानात बांधलेली होती म्हणून वाचली.

ठेकेदाराचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. नाव कळून फार उपयोगही नाही, कारण हीच पद्धत वापरणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. उन्हाळा लागला की येतात, चौरस फुटाचा भाव सांगतात आणि मृगाच्या आत गायब होतात.

आधी हिशेब. घर 30 बाय 24 फूट, दोन्हीकडे उतार. बाजूंना एकेक फूट आणि पागोळीला दीड-दोन फूट बाहेर धरून 32 बाय 28, म्हणजे 896 चौरस फूट. दर 210 रुपये, मालासकट. एकूण 1,88,160. ठरलं होतं: 0.50 एमएमचा कलर पत्रा, 60 बाय 40 एमएमचा, 2 एमएम जाडीचा चौकोनी पाइप, दर साडेतीन फुटाला एक आडवा पाइप. हे सगळं तोंडी आणि वहीच्या एका पानावर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "मालक, बिल घेतलं तर 18 टक्के वर पडतात, बघा तुम्हीच." म्हणजे 33,869 रुपये. ते वाचवायला गेलो आणि पुरावाच हातचा घालवला. बिलाशिवाय माल म्हणजे उद्या तो सरळ म्हणणार की असला माल मी दिलाच नाही, आणि तो तेच म्हणाला.

आता ती संध्याकाळ, जी आजही डोक्यातून जात नाही. टेम्पो दिवे लागायच्या वेळेला आला. पत्रे पालथे घालून, दोरीने बांधून. चांगल्या कंपनीच्या पत्र्याच्या पाठीवर थोड्याथोड्या अंतरावर छाप असतो: कंपनीचं नाव, जाडी, लेपाचं वजन. मी बॅटरी मारून पाहिलं, एकाही पत्र्याला छाप नव्हता. विचारलं, तर म्हणाला, "उन्हात राहिला की पुसतो." आणि मी गप्प बसलो! तो छाप पुसत नाही. छापाशिवाय येतो तो बहुतेक वेळा दुय्यम कॉइलचा, म्हणजे खालच्या प्रतीच्या गुंडाळीतला माल, ज्याच्या जाडीची हमी कुणीच देत नाही.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. टेम्पो मार्केट यार्डाच्या वजनकाट्यासमोरून आला होता. दरवर्षी त्याच काट्यावर सोयाबीन घालताना कट्ट्यामागे कडता (वजनातली कपात) जास्त धरला की आडत्याशी भांडण होतं. किलो-अर्ध्या किलोसाठी आपण आवाज चढवतो. आणि लाखाचं लोखंड दारात उतरलं तेव्हा काट्याची पावती मागायचं सुचलं नाही.

पत्र्याचं वजन खोटं बोलत नाही. कॉइलची सपाट रुंदी 1220 मिमी असते, घड्या पडल्यावर ती 1070 च्या आसपास येते. या रुंदीचा 0.50 चा 14 फुटी पत्रा साधारण 19 ते 20 किलो भरतो. 0.35 चा 13 ते 14. माझ्याकडे असे 20 पत्रे आले, म्हणजे निव्वळ पत्र्यातच जवळपास 120 किलो कमी. पाइपचंही तसंच. 60 बाय 40 चा 2 एमएमचा 6 मीटरचा नग 17-18 किलोचा असतो, 1.2 एमएमचा 11 किलोचा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, रंग मारल्यावर तर विचारूच नका. पाइपचं तोंड उघडं असतानाच जाडी बघा, कारण नंतर ते बूच लावून बंद करतात.

जाडी विचारताना आणखी एक फट असते. दुकानदार जी सांगतो ती बहुतेक वेळा रंग आणि लेप धरून असते. "बेस किती, टोटल किती?" असं दोनदा विचारा आणि स्क्रू गेज (जाडी मोजायचं साधन) पत्र्याच्या कडेला, सपाट जागी लावा. घडीवर लावलं तर चुकीचं येतं. ठेकेदार गेज आणू देत नसेल तर तिथेच व्यवहार थांबवा.

लोक म्हणतात, घाई कशाला केलीस? आमच्या भागात 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना माळवदाखाली झोपायला आजही भीती वाटते. किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि त्यांच्यावरच्या टनावारी मातीखाली. आमचं माळवद जुनं, लाकडाला वाळवी लागलेली. ते उतरवलं तेव्हा एप्रिल होता. डोक्यावर आभाळ उघडं, घरात म्हातारी माणसं, पाऊस दीड महिन्यावर. अशा वेळी माणूस शहाणपणाने वागत नाही, आणि ठेकेदाराला ते नीट माहीत असतं. म्हणून जुनं छप्पर उतरवायच्या आधी सगळा माल दारात यायला हवा, मोजलेला. हा क्रम उलटा झाला की तुम्ही त्याच्या हातात गेलात.

पत्रे का उडाले, ते दुसऱ्या फॅब्रिकेशनवाल्याने उरलेलं खोलून दाखवलं. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, उचलतो. सगळ्यात जोर पागोळीला आणि कोपऱ्यांना. तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा होता, याने एक सोडून एक मारले होते. आडवे पाइप प्रत्येक बाजूला पाच हवेत, याने चारच टाकले, म्हणजे अंतर पावणेपाच फुटांच्या आसपास गेलं आणि दोन्ही बाजू मिळून 64 फूट पाइप वाचला. 1.2 एमएमच्या पाइपात स्क्रूचे आटे धरतच नाहीत, एक-दोन आट्यांवर सगळा भार. हिसका बसला की स्क्रू पाइपातून निघतो किंवा पातळ पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती फाटतो. आमच्याकडे दोन्ही झालं.

सांगाडा भिंतीला नुसत्या सिमेंटच्या गोळ्याने चिकटवला होता. भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा आणि त्यात आधीच पुरलेले बोल्ट हवेत. पत्र्यावर दगड ठेवणं हा उपाय नाही. वादळात तोच दगड घरात येतो.

वॉशरही बघा. चांगला वॉशर ईपीडीएमचा, म्हणजे उन्हात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा असतो, साधं रबर आपल्या 42-43 अंशांच्या उन्हात कडक होऊन तडकतं आणि तिथूनच गळती सुरू होते. स्क्रू इतका आवळायचा नाही की वॉशर बाहेर फुगेल. ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नका, ठिणग्यांनी लेप जळतो आणि कडेपासून गंज चढतो. भोकं पाडल्यावर पडलेला लोखंडी बुरा त्याच दिवशी झाडून काढायला लावा. आणि पावसाचा वारा पश्चिमेकडून येत असेल तर पत्रे पूर्वेकडून बसवत यायचे, म्हणजे सांध्याचं उघडं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. आमच्याकडे उलटं होतं. आढ्यावरचा रिज पत्रा दोन्हीकडे किमान सहा इंच चढायला हवा, तो चारच इंच होता.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, "साहेब नाहीत." दुसऱ्या दिवशी, "काका, हे दिवाणी आहे, कोर्टात जा." तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, पोच द्यायला तासभर बसवलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणूक आहे, हे मी त्यांना सांगायचं का? जाणूनबुजून 0.50 सांगून 0.35 देणं हा हिशेबाचा वाद कसा होतो? सोन्यात पितळ मिसळलं तर तो दिवाणी मामला म्हणाल का? उत्तर नाही. ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, हेही मला वकिलाने सांगितलं, ठाण्यातल्या कुणी नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसाने "वादळाने अंशतः नुकसान" एवढंच लिहिलं. पत्र्याची जाडी लिहा म्हटलं तर म्हणे तो रकाना नाही. म्हणजे कागदावर सगळा दोष वाऱ्याचा! त्या कागदाचा आता ठेकेदाराला फायदा होतोय.

ग्राहक आयोगाचा रस्ता तेवढा उघडा आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून आधी नोंद करता येते. पण तिथेही पहिला प्रश्न, "बिल कुठे आहे?" माझ्याकडे वहीचं पान, 70,000 आणि 40,000 फोनवरून पाठवल्याची नोंद आणि फोटो आहेत. पाडव्याचे 51,000 रोख दिले, त्यांचा कुठेही मागमूस नाही. रोख देऊ नका. द्यावीच लागली तर त्याच्याच अक्षरात, तारखेसह लिहून घ्या. पैसे माल उतरून मोजल्यावर, काम पुढे गेल्यावर, आणि निदान दहावा हिस्सा एक पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. माझ्याकडे 27,160 राहिले होते. बाकी सगळं गेल्यावर तेवढ्यासाठी तो परत येत नाही.

पाइप बदलून, नवे पत्रे टाकून दुरुस्तीला 74,500 लागले. शेजाऱ्याच्या गोठ्याचे 3,200 वेगळे, ते त्याने मागितले नव्हते.

जुने 16 पत्रे उतरवून भिंतीला लावून ठेवलेत, प्रत्येकावर खडूने वजन लिहिलंय, काट्याची पावती सोबत. दोष डोळ्याला दिसत नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यासाठी नमुना जपून ठेवावा लागतो. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दिलेले नाहीत.