सुपरकंडक्टर किट: चकती एक नंबर, पुस्तिका अर्धवट

ज्युनिअर कॉलेजच्या लॅबसाठी हा किट ऑनलाइन मागवला, वायबीसीओची (यिट्रियम, बेरियम, कॉपर आणि ऑक्सिजन यांचा सुपरकंडक्टर, म्हणजे खूप थंड केला की विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ) काळी चकती, शर्टाच्या बटणाएवढं मॅग्नेट, प्लास्टिकचा चिमटा, थर्माकोलची वाटी आणि एक पुस्तिका. लिक्विड नायट्रोजन आपला आपण आणायचा, आम्ही गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करणाऱ्या दादांकडून थर्मासमध्ये आणला (झाकण घट्ट लावू नका हं).

चकती खरंच मस्त आहे. नायट्रोजन ओतला की आधी खळाखळा उकळतो, मग बुडबुडे शांत होतात, म्हणजे चकती ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअस) आली, आणि तेव्हा मॅग्नेट वर सोडलं की अधांतरी थांबतं, बोटाने टिचकी मारली की तिथल्या तिथे गरगर फिरतं. पोरं बाकांवर चढून बघत होती.

पण पुस्तिकेने माझी निराशा केली. रोध का नाहीसा होतो याबद्दल तिच्यात सरळ लिहिलंय की इलेक्ट्रॉन जाताना लॅटिसमधले (अणूंच्या जाळीतले) धन आयन जवळ ओढले जातात, त्या ओढीने दुसरा इलेक्ट्रॉन येतो, जोडी जमते, संपलं. हे पारा-शिशासाठी बरोबर, १९५७ ची बीसीएस (बार्डीन-कूपर-श्रीफर) थिअरी तेच सांगते. पण वायबीसीओ साधारण ९२ केल्विनला सुपरकंडक्टर होतं, आणि त्यातला ऑक्सिजन-१६ काढून जड ऑक्सिजन-१८ घातला तरी हे तापमान अर्धा डिग्रीसुद्धा हलत नाही, जड अणू हळू थरथरतात, म्हणून सगळं काम लॅटिसच्या कंपनांचं असतं तर ते बरंच खाली यायला हवं होतं. बरं, म्हणून लॅटिसचा काहीच संबंध नाही असंही नाही, कारण डोपिंग (पदार्थातल्या वीज वाहणाऱ्या कणांचं प्रमाण) कमी केलं की जड ऑक्सिजनने तापमानात पडणारा हाच फरक चांगला मोठा होतो. आणि १९८६ मध्ये झुरिकला कॉपर ऑक्साइडांतली सुपरकंडक्टिव्हिटी शोधणारे शास्त्रज्ञ बेडनॉर्झ-म्युलर या पदार्थांकडे वळले तेच मुळी इलेक्ट्रॉनमुळे लॅटिस जोरात वाकडं होईल अशा पदार्थाच्या शोधात! आज बरेच जण जोडी जमण्याचं मुख्य कारण इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या रेट्यात आणि चुंबकीय स्पिनमध्ये (इलेक्ट्रॉनच्या इवल्या चुंबकासारख्या गुणात) शोधतात, लॅटिसचा वाटा किती यावर वाद चालूच आहे. हे चार ओळीत सांगता आलं असतं ना, अकरावीच्या मुलांना कळतं हो, एकीने मला लगेच विचारलं, "मॅडम, मग जड ऑक्सिजनने नक्की काय बदलतं?"

अजून एक, प्रयोग झाल्यावर चकतीवर दव धरतं, ते हेअर ड्रायरने लगेच सुकवा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत ठेवा. पुस्तिकेत याचा उल्लेखच नाही, आमची पहिली चकती ओलीच डबीत गेली आणि पुढच्या वेळी तिने मॅग्नेट उचललंच नाही, विकणाऱ्याने बदलूनही दिली नाही, दुसरी विकत घ्यावी लागली.

चकतीला पाचपैकी पाच, पुस्तिकेला दोन.