नियमपत्रक उत्तम, क्रू-यादी कच्ची

काट्यावर आकडा आला ४०६. जे/२४ या शर्यतीच्या शिडाच्या होड्यांच्या वर्गात सगळ्या क्रूचं मिळून वजन ४०० किलोच्या वर चालत नाही, आणि काटा कुणाची भीड धरत नाही. आम्ही चौघं मिळून ३१८: सुकाणूवर मी ७२, नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची पोरगी ६१, शिडं ओढणारा ९५, हॅलयार्ड, म्हणजे शिडं वर चढवायच्या दोऱ्या सांभाळणारा ९०. उरले ८२. पाचवा म्हणून क्रू-यादीतून बोलावलेल्या गृहस्थांनी आपलं वजन ८० लिहिलं होतं. भरले ८८. "घरच्या काट्यावर ऐंशीच दाखवतो हो," असं दोनदा म्हणाले बिचारे. त्यांना किनाऱ्यावरूनच परत पाठवावं लागलं.

ही यादी ज्या सदस्यत्वातून मिळाली, त्याबद्दल लिहिते आहे. वर्षाची वर्गणी भरली की दोन गोष्टी पदरात पडतात: नियमांतले बदल कळवणारं पत्रक आणि क्रू शोधायची यादी. तीन हंगाम दोन्ही वापरल्या. पत्रकाला पाचपैकी साडेचार, यादीला दोन. त्यातलाही एक गुण एकाच माणसाचा, तो पुढे येईलच.

आधी पत्रक. नव्या माणसाला वाटतं, होड्या जर एकाच साच्यातल्या, तर नियम कशाला वाचायचे? मलाही वाटायचं. रॉड जॉनस्टोन यांनी या होडीचं पहिलं रूप आपल्या घराच्या गॅरेजमध्ये बांधलं, १९७७ पासून ती कारखान्यातून निघू लागली, आणि आज पाच हजारांहून जास्त होड्या झाल्यात. ७.३२ मीटरची ती जुनी होडी नव्या होडीशेजारी उभी राहून अजून जिंकू शकते, ती नियमांच्या जोरावर. आणि हे नियम बंद प्रकारचे आहेत. म्हणजे काय, ते मला एका मोजणी अधिकाऱ्यानं शिकवलं. मी डेकवर दोरी अडकवायचा एक छोटासा क्लीट जास्तीचा बसवला होता. "याला मनाई कुठं लिहिलीय?" मी विचारलं. "मनाई नाही, परवानगी कुठं लिहिलीय ते दाखवा," ते म्हणाले. क्लीट काढला, भोकं बुजवली.

तर अशा वर्गात एक शब्द बदलला तरी होडीवर काहीतरी हलतं. पत्रकात जुना मजकूर खोडलेला, नवा अधोरेखित आणि खाली बदलाचं कारण एका ओळीत. एवढंच असतं, पण त्यामागे कुणाची तरी मेहनत आहे हे कळतं. शर्यतीचे सर्वसाधारण नियम दर चार वर्षांनी नवे येतात, सध्याचे १ जानेवारी २०२५ पासूनचे. वर्गाचे नियम वेगळे, ते वर्गानं सुचवायचे आणि वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेनं मंजूर करायचे. पत्रकात या दोन्हींची खिचडी होत नाही. अर्धा गुण कापला तो उशिरासाठी. हंगाम तोंडावर आल्यावर बदल कळला, तर दोऱ्या कधी बदलायच्या?

आता यादी. रकाने तीन: नाव, अनुभव, वजन. वजन ज्यानं त्यानं आपल्या मनानं लिहायचं. जे/७० या दुसऱ्या वर्गात वजनाची मर्यादाच नाही. तिथं चालेलही असली ढिलाई. आमच्याकडे माणूस किलोवर निवडावा लागतो. ऐकायला वाईट वाटतं, पण आहे असंच. वारा पडला की हलका क्रू हवा, वारा चढला की काठावर बसून होडी सपाट ठेवायला प्रत्येक किलो हवा, म्हणून सगळेच चारशेच्या जवळ जायला बघतात. शिवाय रेगाटाच्या, म्हणजे शर्यतींच्या मालिकेच्या मध्येच मनाला येईल तसा माणूस बदलता येत नाही. कुठल्या जागेवर काम केलंय, याचा तर रकानाच नाही. 'अनुभव'खाली एकानं लिहिलं होतं, 'कुठेही चालेल'. जायबच्या वेळी, म्हणजे वारा मागून असताना होडी वळवताना, स्पिनेकरचा, म्हणजे पुढच्या मोठ्या फुगीर शिडाचा पोल (दांडा) या टोकाचा त्या टोकाला करायचा असतो, तोही डुलत्या नाळेवर उभं राहून. कुठेही चालणारा माणूस तिथं नाही चालत.

दुसरे आले ते साठीचे काका. वजन लिहिलेलं ७९, भरलं ७९. एकूण ३९७. मी मनातल्या मनात नारळ फोडला. हात इतका सफाईदार की दोन शर्यतींत नाळेवरची पोरगी त्यांच्याकडून चार गोष्टी शिकली. तिसऱ्या शर्यतीत शेवटच्या रेषेवर शेजारच्या होडीशी अगदी खांद्याला खांदा. स्पिनेकर रेषेपुढे गेलेला दिसताच काका ओरडले, "आलो!" आणि शीट, म्हणजे शिडाची दोरी सोडून दिली. शीड गळपटलं, शेजारी पुढे निघून गेले. काकांचं चुकलं नव्हतं, त्यांचे नियम जुने होते. पूर्वी होडीचा, माणसांचा किंवा सामानाचा कुठलाही भाग आपल्या नेहमीच्या जागी असताना रेषेला लागला की शर्यत संपायची. २०२१ पासून फक्त हल, म्हणजे होडीचा सांगाडा मोजतात. काकांची शेवटची शर्यत त्याआधीची.

यादीत त्यांच्यापुढे 'अनुभव: २० वर्षं' एवढंच होतं. कुठली वीस? पत्रक काढणारे आणि यादी ठेवणारे एकाच छपराखाली बसतात, तरी दोघांची गाठ पडलेली दिसत नाही. वजन कधी केलंय त्याची तारीख, होडीवरची जागा आणि शेवटची शर्यत कुठल्या साली, हे तीन रकाने घाला. आणि यादीत नाव घालणाऱ्याला पत्रक फुकट पाठवा. वर्गणी न भरलेला पाहुणा क्रू तेच वाचत नाही, आणि होडीवर तर तोच येतो. हे मी लेखी कळवलं. "सूचनेची नोंद घेतली आहे," असं उत्तर आलं. त्यालाही एक हंगाम झाला.

सदस्यत्व मी यंदाही घेतलंय, पत्रकासाठी. ते हातात पडलं त्याच दिवशी काकांना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: "वाचलं. दोन शंका आहेत, भेटल्यावर बोलू. वजन ७८." सोबत काट्याचा फोटो, खाली दोन अनवाणी पाय.