रविवारचा उपदेश: ठरलेला पाठ की सलग पुस्तक?

कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांवर प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांचा एक पंथ) मिशनचा ठसा आहे, त्यामुळे रविवारच्या उपदेशात बायबलचं एकेक पुस्तक सलग उलगडण्याची रीत इथे परकी वाटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला धर्मसुधारक झ्विंग्ली यांनी १५१९ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानापासून (येशूचं चरित्र सांगणारं बायबलचं पुस्तक) तशीच सुरुवात केली होती. या रीतीत संदर्भ सुटत नाही, आधीच्या आठवड्याची तयारी पुढे कामी येते.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या ल्यूथरन परंपरेत मात्र रविवारचा पाठ उपासनेच्या वर्षचक्रानुसार, म्हणजे प्रत्येक रविवारसाठी आधीच नेमलेल्या उताऱ्यांनुसार ठरतो. पाळकाला आवडीचेच उतारे निवडता येत नाहीत, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) बाप्तिस्मा करणारा योहान समोर येतो; पश्चात्तापाबद्दल बोलावंच लागतं. मग खरं काम सुरू होतं: या उताऱ्यात नियमशास्त्र (देवाच्या आज्ञा) कुठे दोषी ठरवतं आणि सुवार्ता (ख्रिस्तामुळे मिळणाऱ्या क्षमेचा संदेश) कुठे सोडवते? गुऱ्हाळावर आठवडाभर राबून आलेल्या माणसाला नुसतं ‘चांगले वागा’ सांगून घरी पाठवणं म्हणजे अर्धाच उपदेश. ख्रिस्ताने त्याच्यासाठी काय केलं, हे त्याला ऐकू यायलाच हवं.

स्वतः ल्यूथर दोन्ही करत: रविवारी शुभवर्तमानातला ठरलेला उतारा, शिवाय उत्पत्तीसारखी पुस्तकं सलग. नवख्या पाळकाने रविवारी वर्षचक्रच धरावं, सलग पुस्तक आठवड्यातल्या बायबल अभ्यासाला घ्यावं.