चादरीच्या जॅकेटला शोभेल असं अक्षर: ‘अनेक’ आणि ‘तिरो’ हे फॉन्ट वापरून पाहिले

सोलापूरच्या नवी पेठेतलं आमचं दुकान वडिलांपासून लेडीज टेलरचं. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत परकर-पोलकी. आता त्याच मशीनवर मी सोलापुरी चादरीची जॅकेटं, झोळे आणि लॅपटॉपची कव्हरं शिवते. बहुतेक ऑर्डरी पुण्या-मुंबईहून इन्स्टाग्रामवर येतात. काम बदललं, गिऱ्हाईक बदललं, पाटी मात्र जुनीच, लाल-पिवळ्या फ्लेक्सवर ‘लेडीज टेलर्स’. नवं नाव घ्यायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती. पाटीवर, लेबलावर, पिशवीवर नाव देवनागरीतच दिसलं पाहिजे. कापड सोलापूरचं, शिवणारी सोलापूरची, तर जॅकेटच्या मानेवर रोमन अक्षरं का असावीत? (नाव इथे देत नाही, अभिप्रायाची जाहिरात व्हायला नको.)

लोगो करून देणाऱ्यांचे नमुने मागवले. इंग्रजी नाव प्रत्येकाने नटवून आणलं होतं आणि त्याखाली मराठी म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आधीपासून जे असेल ते. एका ऑनलाइन ॲपवर तर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसली आणि जोडाक्षराचे दोन तुकडे झाले. माझी भाची उपयोजित कला शिकते. ती म्हणाली, “मावशी, आधी अक्षर ठरव. लोगो त्यातूनच निघेल.” मग आम्ही मोफत मिळणारे देवनागरी फॉन्ट घेऊन बसलो, आणि ‘अनेक’वर थांबलो.

‘अनेक’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाचा फॉन्ट. २०२२ मध्ये गूगल फॉन्ट्सवर आला. नऊ भारतीय लिप्या आणि रोमन, सगळ्या एका वळणाच्या. देवनागरीत पातळ ते जाड अशी आठ वजनं आणि अरुंद ते पसरट अशा पाच रुंद्या मिळतात. ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे धंद्यासाठी वापरला तरी पैसे लागत नाहीत. लोगोत वापरा, पिशवीवर छापा, फक्त नुसता फॉन्ट विकायला काढू नका.

ह्या रुंदीचं महत्त्व मला लेबल विणून घेताना कळलं. मानेला लावायचं विणलेलं लेबल म्हणजे छपाई नव्हे. तिथे अक्षर धाग्यांनीच तयार होतं, त्यामुळे धाग्यापेक्षा बारीक रेष टिकत नाही. त्यात देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा-अनुस्वाराला आणि खाली उकाराला जागा सोडावी लागते. दीड सेंटिमीटरच्या पट्टीत रोमन अक्षर ऐसपैस बसतं, आपल्या अक्षराच्या अंगाला मात्र जेमतेम निम्मी उंची मिळते. माझ्या नावात अनुस्वारही आहे आणि उकारही. पातळ वजनाचा नमुना आला त्यात अनुस्वार गायब. खूप जाड घेतलं तर ‘म’ची गाठ धाग्यांनी बुजली आणि लांबून तो काळा ठिपका दिसायला लागला. शेवटी मधलं वजन घेतलं आणि रुंदी एक पायरी वाढवली. अक्षराच्या पोटातली जागा मोकळी झाली, टिंब नीट उठून आलं. उंची तीच ठेवून अक्षर आडवं मोकळं करता येणं ही सोय फार थोड्या देवनागरी फॉन्टमध्ये आहे, आणि लेबल विणून घेणाऱ्या कुणालाही ती लागणारच.

दुसरं कारण खास आमच्या गावचं. सोलापुरात मागाचं काम करणारी कितीतरी पद्मशाली घरं तेलुगू बोलतात आणि कर्नाटकाची हद्द जवळ असल्यामुळे कानडी तर रोजच्या बाजारात ऐकू येते. चादर ज्यांच्या मागावर होते त्यांची लिपी माझ्या टॅगवर असावी असं मला मनापासून वाटत होतं. पण तीन लिप्या तीन फॉन्टमध्ये टाकल्या की टॅग बसस्टँडवरच्या बोर्डासारखा दिसतो. ‘अनेक’मध्ये मराठी, तेलुगू आणि कानडी एकाच जाडीत, एकाच ठेवणीत शेजारी बसतात. ज्यांच्याकडून मी चादरी घेते त्या काकांना पहिला टॅग दाखवला. त्यांनी तेलुगू ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “अक्का, आमचं अक्षर पण ह्याच घरचं दिसतंय की!” आता प्रत्येक गठ्ठ्याबरोबर ते चार-पाच टॅग मागून घेतात.

पाटीसाठी जाड वजन घेतलं. दुकानांच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे आणि दुसऱ्या लिपीतलं अक्षर मराठीपेक्षा मोठं चालत नाही. माझ्या दृष्टीने ही सक्ती नाहीच, मला तेच हवं होतं. शिरोरेषा भाचीने नावाच्या दोन्ही बाजूंना लांबवली आणि तिच्याखाली चादरीच्या काठाचे दोन पट्टे ओढले. पाटी, लेबल, पावतीपुस्तक, सगळीकडे तेच पट्टे, त्याच दोन रंगांत. मोफत फॉन्ट उद्या शेजारचाही वापरणार, म्हणून आपलं असं काहीतरी त्याला जोडावंच लागतं.

टॅगच्या मागे चादरीबद्दल आणि धुण्याबद्दल मजकूर आहे. त्याला ‘तिरो देवनागरी मराठी’ घेतला. हा कॅनडातल्या ‘तिरो टाइपवर्क्स’चा, पुस्तकी वळणाचा, तोही मोफत. ह्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ येतो, म्हणजे आपण शाळेत गिरवला तोच. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. ‘सोलापूर’ हा शब्द हिंदी वळणाच्या ‘ल’ने छापलेला मला बघवत नाही, त्यामुळे ही निवड लगेच झाली. कागदावर हा फॉन्ट फार सुंदर वाचला जातो. विणलेल्या लेबलाला मात्र घेऊ नका, त्याच्या नाजूक रेषा धाग्याला झेपणार नाहीत.

‘एक टाइप’चेच ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ही पाहिले. ‘मुक्ता’ साधा, स्वच्छ, दरपत्रकाला उत्तम. ‘बलू’ गुबगुबीत आणि लाघवी, लहान मुलांचे कपडे किंवा खाऊ विकणाऱ्यांना छान शोभेल. जाड चादरीच्या जॅकेटाला मला तो हलका वाटला.

एक काळजी घ्या. ‘अनेक’ची जी एकच फाइल असते, जिच्यात वजन आणि रुंदी सरकवून बदलता येते, ती फ्लेक्सवाल्यांच्या जुन्या कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) नीट उघडेलच असं नाही. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला किंवा लेबलवाल्याला फॉन्ट देऊच नका, नाव कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची आकृती करून द्या. म्हणजे त्याच्याकडे फॉन्ट नसला तरी काना-मात्रा हलत नाही. आणि नमुना संगणकावर मोठा करून पाहण्यात अर्थ नाही, लेबल ज्या मापाचं असेल त्याच मापात छापून हातभर अंतरावरून वाचा.

पैसे गेले ते विणाईला, पाटीला आणि ट्रेडमार्कच्या अर्जाला. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये शासकीय फी आहे. कपडे २५ व्या वर्गात येतात आणि झोळे १८ व्या, म्हणून मला दोन्हींची भरावी लागली. अक्षराला एक रुपया लागला नाही, आणि इतकं नीटस अक्षर विकत घ्यावं लागलं असतं तरी मी ते घेतलं असतं. शिवणकाम, मातीकाम, खाद्यपदार्थ, जे काही स्वतःच्या नावाने विकत असाल आणि नाव मराठीत मिरवायचं असेल, तर सुरुवात ‘अनेक’पासून करा.