बंद पूल: दुरुस्ती करावी की पाडून नवा बांधावा?

पूल धोकादायक ठरून बंद झाला की दोन प्रस्ताव पुढे येतात. खर्चाचा आकडा बघण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे आणि तिथे हात पोहोचतो का, हे विचारा. निम्मा निर्णय त्यावरच ठरतो.

दुरुस्ती जमली ती सिएटल शहरातल्या वेस्ट सिएटल पुलावर. १९८४चा हा पूल २३ मार्च २०२० रोजी बंद झाला. सुमारे १८० मीटरच्या मधल्या गाळ्यातल्या (दोन खांबांमधल्या भागातल्या) पोकळ काँक्रीट गर्डरचे, म्हणजे पूल पेलणाऱ्या तुळईचे, तडे वाढत चालले होते. नुसतं इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) भरून भागलं नसतं: गर्डर दाबून धरणारा ताण कमी पडत असेल तर भरलेल्या तड्याशेजारी नवा तडा जातो. म्हणून गर्डरच्या पोटात नव्या पोलादी केबल टाकून त्या ताणल्या, तडे इपॉक्सीने बुजवले आणि कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवल्या. अठराव्या खांबावरचं बेअरिंग (गर्डरला किंचित सरकू देणारा आधार) अडकलं होतं, तेही मोकळं केलं. गर्डर पोकळ, माणूस आत जाऊ शकतो, म्हणूनच हे शक्य झालं. तरी वाहतूक सुरू व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडला. दुरुस्ती म्हणजे झटपट काम, हा समज सोडून द्यावा.

अंधेरीच्या गोखले पुलावर पुनर्बांधणी झाली. ३ जुलै २०१८ रोजी त्याच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला आणि दोन जीव गेले. ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल पूर्ण बंद. रुळांवरच्या पुलाची खालून डागडुजी करायची तर प्रत्येक वेळी गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो, त्यामुळे अशा जागी जीर्ण पूल पाडणंच आम्हाला योग्य वाटतं. पण नव्या पुलाचीही किंमत असते. सुमारे १,३०० टनांचा पहिला गर्डर चढवून एक बाजू खुली व्हायला २६ फेब्रुवारी २०२४ उजाडला, दोन्ही बाजू ११ मे २०२५ रोजी सुरू झाल्या. म्हणजे इथेही अडीच वर्षं गेली.

शिवाय रेल्वेच्या नियमाने रुळांवरची उंची वाढली आणि त्याला जोडणारा शेजारचा बर्फीवाला पूल खाली राहिला. तो हायड्रॉलिक जॅकने एका बाजूला १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलावा लागला. लोकांना ही जोडणी जुलै २०२४ मध्ये मिळाली. हे टाळता येण्यासारखं होतं, म्हणून जास्त खुपतं.

ऑडिटचा अहवाल हातात आला की चाचण्या बघा. रिबाउंड हॅमर फक्त वरच्या थराचा कडकपणा सांगतो. आतल्या पोकळीसाठी अल्ट्रासोनिक, ताकदीसाठी काँक्रीटचे कोअर (कापून काढलेले नळकांडी नमुने) आणि गंजासाठी हाफ-सेल चाचणी (सळयांचा विद्युत दाब मोजणारी) लागते. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन म्हणजे सळया गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. अशी वाचनं डेकभर, म्हणजे पुलाच्या रस्त्याच्या स्लॅबभर, असतील तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. ती एखाद्या गळक्या जोडापुरती असतील तर जोड बदला, सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडा, सळई घासून मायक्रो-काँक्रीट (बारीक खडीचं काँक्रीट) भरा.

पुनर्बांधणीकडेच कल असेल तर निविदेआधी एकच नकाशा मागा: दोन्ही टोकांच्या रस्त्यांची आणि जोडपुलांची पातळी दाखवणारा, रेल्वे व महापालिका दोघांच्या सह्यांचा.